सोपवलेले काम, मोकळा झालेला तास

काम सांगणे आणि काम सोपवणे यांत फरक आहे. ‘जा, कोथिंबीर घेऊन ये’ हे काम सांगणे झाले. ‘आठवड्याची भाजी तू बघ, साडेसातशे रुपयांत बसव’ हे सोपवणे. पहिल्या प्रकारात पाय दुसऱ्याचे चालतात, पण डोके सांगणाऱ्याचेच अडकून राहते. काय आणायचे, कधी, किती, कोणाकडून, हे सगळे त्यालाच आठवावे लागते. दुसऱ्या प्रकारात ठरवण्याचा अधिकार, त्यासाठी लागणारा पैसा आणि बरे-वाईट होण्याची जबाबदारी या तिन्ही गोष्टी दुसऱ्याकडे जातात. मग कुठे सोपवणाऱ्याचा वेळ खऱ्या अर्थाने मोकळा होतो.

संपत्ती उभारण्याशी याचा संबंध सरळ आहे. मिळकत वाढवणारी कामे बहुधा सलग वेळ मागतात. नवे कौशल्य शिकणे, धंद्यासाठी नवे गिऱ्हाईक शोधणे, हिशेब नीट मांडणे, गुंतवणुकीचा अभ्यास करणे, यांतले काहीही कुकरच्या दोन शिट्यांच्या मधल्या वेळात होत नाही. रोजची कामे दिवसाचे बारीक तुकडे करतात. ती योग्य माणसाकडे, योग्य मोबदल्यात गेली की ते तुकडे पुन्हा जोडता येतात.

गांधीसागराकाठचा धडा

नागपुरात या गोष्टीचे फार मोठे उदाहरण घडून गेले आहे. जमशेटजी टाटा यांनी १८७४ मध्ये पंधरा लाख रुपयांच्या भांडवलावर ‘सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी’ काढली. कापसाचा पट्टा जवळ, रेल्वे आलेली, चांद्याकडचा कोळसा आवाक्यात, म्हणून त्यांनी मुंबई सोडून नागपूर निवडले. जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची, दलदलीची जमीन त्यांनी घेतली आणि भर टाकून ती बांधकामाजोगी केली. हा माणूस जमिनीत सोने पुरतो आहे, असे म्हणून एका स्थानिक सावकाराने पैसे गुंतवायला नकार दिला होता. पुढे त्यानेच आपली चूक कबूल केली, असे टाटांच्या चरित्रांत नोंदलेले आहे. १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, गिरणी सुरू झाली. म्हणून तिचे नाव एम्प्रेस मिल पडले.

गिरणी उभी राहिल्यावर जमशेटजींनी तिचा रोजचा कारभार बेझनजी दादाभाई मेहता यांच्याकडे दिला. बेझनजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातून आलेले होते आणि त्यांना कापड गिरणीचा अनुभव नव्हता. त्यांच्याकडे होती ती माणसे सांभाळण्याची हातोटी, शिस्त आणि विश्वास ठेवता येईल असा स्वभाव. यंत्रांची बाजू पाहायला जेम्स ब्रुक्सबी हे जाणकार वेगळे नेमले होते. जे शिकवता येते ते नंतर शिकवता येईल, पण सचोटी आधीच असायला हवी, हा या निवडीमागचा विचार दिसतो. घरच्या कामासाठी माणूस निवडतानाही तो तितकाच लागू पडतो.

कामगारांच्या बाबतीतही गिरणीने हात आखडता घेतला नाही. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनाचा निधी आणि १८९५ मध्ये अपघाताची भरपाई इथे सुरू झाली. देशात तेव्हा असे कायदे नव्हते. ज्यांच्या हातून काम होते त्यांची काळजी घेतली तर काम टिकते, हे मालकाला कळले होते.

नागपूरची गिरणी बेझनजींच्या हाती सुखरूप चालत होती, म्हणून जमशेटजींना पुढचे विचार करायला सवड मिळाली. १८८२ मध्ये चांदा जिल्ह्यातल्या लोखंडाविषयीचा एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला आणि पोलादाच्या कारखान्याची कल्पना मनात घर करून बसली. १८८६ मध्ये त्यांनी मुंबईत कुर्ल्याची बंद पडायला आलेली गिरणी घेऊन स्वदेशी मिल उभी केली, १९०३ मध्ये ताजमहाल हॉटेल उघडले. विज्ञान संस्था आणि जलविद्युत यांच्या योजना त्यांच्या हयातीत आखल्या गेल्या आणि १९०४ मधल्या त्यांच्या निधनानंतर प्रत्यक्षात आल्या. पोलाद कंपनी १९०७ मध्ये स्थापन झाली. तिच्या कथेतही नागपूर आहेच. चांद्याकडचा शोध फसल्यावर तसे कळवायला मुलगा दोराबजी नागपूरच्या सचिवालयात आले होते. अधिकाऱ्याची वाट पाहताना ते समोरच्या संग्रहालयात शिरले. तिथे भिंतीवर भूगर्भाचा एक नकाशा होता आणि त्यावर दुर्ग जिल्ह्यातल्या लोखंडाच्या टेकड्या दाखवलेल्या होत्या. शोध तिथून पुन्हा सुरू झाला. गिरणीतल्या सुताच्या रोजच्या तक्रारी निस्तरण्यात टाटा पितापुत्र गुंतून पडले असते, तर असा शोध घेत फिरणे त्यांना जमले नसते.

तासाची किंमत

कोणते काम सोपवावे हे ठरवायला आधी आपल्या तासाची किंमत काढावी लागते. महिन्याची मिळकत भागिले कामाचे तास, असा ढोबळ हिशेब सगळे करतात. महिन्याला साठ हजार रुपये आणि दोनशे तास काम, म्हणजे तासाला तीनशे रुपये. या आकड्यात एक खोट आहे. पगारदार माणसाने संध्याकाळचे दोन तास मोकळे केले म्हणून त्याला कोणी सहाशे रुपये जास्त देत नाही. मोकळा झालेला तास प्रत्यक्षात कशाला लागतो, त्यावर त्याची किंमत ठरते.

सक्करदऱ्यात घरीच ब्लाउज शिवणाऱ्या एका शिंपिणीचे काल्पनिक उदाहरण घेऊ. धुणी-भांडी आणि केरफरशी यांत तिचे रोज दोन तास जातात, महिन्याच्या सव्वीस दिवसांत बावन्न तास. समजा, या कामांसाठी तिने पाच हजार रुपयांवर बाई लावली. बावन्न तासांपैकी निम्मेच, म्हणजे सव्वीस तास, ती शिवणाला लावू शकली, उरलेले विश्रांतीत आणि मुलांत गेले. एका ब्लाउजला दीड तास आणि दोरा-अस्तर वजा जाता चारशे रुपये धरले, तर सतरा ब्लाउजांचे सहा हजार आठशे होतात. पाच हजार वजा केले की अठराशे उरतात. हे अठराशे रुपये दरमहा गुंतवले आणि वर्षाला ८ टक्के परतावा धरला, तर पंधरा वर्षांत भरलेल्या ३ लाख २४ हजारांचे सुमारे ६ लाख २३ हजार होतात. परताव्याची हमी कोणी देत नाही, हा आकडा फक्त समजण्यासाठी आहे. पण आधी त्या वेळेतून फक्त घासलेली भांडी निघत होती, आता तेवढ्याच वेळेतून मुलीच्या शिक्षणाचा खर्च निघू शकतो.

याच उदाहरणाची दुसरी बाजूही पाहायला हवी. शिवणाची मागणीच नसेल, सव्वीसऐवजी दहाच तास लागले असतील, तर सहा ब्लाउजांचे चोवीसशे येतील आणि महिन्याला सव्वीसशेची खोट बसेल. म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी काम हाताशी असावे, मग माणूस लावावा. मिळकतीचा मार्ग दिसत नसताना फक्त आराम हवा म्हणून लावलेला माणूस हा खर्च आहे. तो करायला हरकत नाही, पण त्याला गुंतवणूक म्हणू नये.

पैशापलीकडची किंमतही मोजली गेली आहे. अ‍ॅश्ली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अमेरिका, कॅनडा, डेन्मार्क आणि नेदरलँड्समधल्या सहा हजारांहून अधिक लोकांना प्रश्न विचारले होते. नावडती कामे पैसे देऊन करून घेणारे लोक आयुष्याबद्दल अधिक समाधानी आढळले. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात साठ जणांना दोन शनिवार-रविवारी चाळीस-चाळीस डॉलर दिले गेले. एकदा ते वस्तूंवर खर्चायचे होते, एकदा वेळ वाचवण्यावर. वेळ वाचवला त्या दिवशी माणसे जास्त आनंदी होती. नेदरलँड्समधल्या आठशेहून अधिक लक्षाधीशांपैकी जवळपास निम्मे जण मात्र वेळ विकत घेण्यावर काहीच खर्च करत नव्हते. पैसा असूनही काम सोडवत नाही, कारण ‘आपले काम आपण करावे’ ही सवय आणि दुसऱ्यावर भार टाकल्याची टोचणी या दोन्ही गोष्टी आड येतात.

आधी घरातली वाटणी

पैसे देऊन माणूस लावण्याआधी घरातच पाहायला हवे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीनुसार, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात. असे काम करणाऱ्या पुरुषांची सरासरी ८८ मिनिटे आहे, आणि मुळात हे काम करणाऱ्या पुरुषांचे प्रमाणच फार कमी आहे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. पाच वर्षांत स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, पुरुषांचीही नऊ कमी झाली. दरी होती तिथेच राहिली.

याचा अर्थ स्पष्ट आहे. धंद्यात दिवस घालवून पैसा उभारलेल्या असंख्य पुरुषांनी आपली रोजची कामे आधीच सोपवलेली होती, आई, बायको किंवा बहिणीकडे. त्यांना मोबदला मिळाला नाही आणि त्यांच्या तासाची किंमत कोणी काढली नाही. म्हणून घरातली पहिली पायरी म्हणजे सर्वांच्या कामांची यादी करणे. सकाळचा डबा, मुलांना शाळेत सोडणे, सासू-सासऱ्यांची औषधे, दळण, वीजबिल, प्रत्येकापुढे सध्या कोण करते आणि किती वेळ जातो ते लिहावे. अशी यादी आठवडाभर फ्रिजवर चिकटवून ठेवली की एका नावापुढे किती ओळी आहेत ते सगळ्यांना दिसते. वाटणी त्यानंतर सोपी होते. दहा वर्षांचा मुलगा स्वतःचे ताट घासू शकतो, बारावीतली मुलगी आणि मुलगा दोघेही वरण-भात लावू शकतात, निवृत्त आजोबा बँकेची आणि बिलांची कामे बहुधा आनंदाने घेतात.

काय सोपवावे, काय ठेवावे

कामे चार गटांत पडतात. पहिला गट रोजच्या आणि एकसारख्या कामांचा: धुणी-भांडी, केरफरशी, पोळ्या, इस्त्री, दळण. यांची पद्धत ठरलेली असते, ती शिकवायला सोपी असतात आणि वेळ सर्वांत जास्त खातात. सोपवायला सुरुवात इथून करावी.

दुसरा गट हंगामी कामांचा. नागपूरच्या घरात मार्च उजाडला की ही कामे रांगेने उभी राहतात. माळ्यावरचा कूलर खाली काढायचा, टाकीतला गंज घासायचा, वाळ्याच्या ताट्या बदलायच्या, पंप चालतो का ते पाहायचे. ऊन पंचेचाळीस अंशांकडे सरकायच्या आत वर्षाचे गहू-तांदूळ आणि तूर डाळ भरायची, वाळवणे घालायची, तिखट-हळद करून घ्यायची. कूलरवाल्याला फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात बोलावले तर तो सवडीने येतो. एप्रिलमध्ये तोच शोधून सापडत नाही. हंगामी काम सोपवताना निम्मे शहाणपण वेळ साधण्यात आहे.

वाळवणे हे सोपवण्याचे विशेष चांगले काम आहे, कारण ते घेणाऱ्याच्या घरीही पैसा नेते. गच्चीवर चादर अंथरून कुरड्या, सांडगे, शेवया आणि पापड घालण्यात एका कुटुंबाचा आठवडा जातो. बचत गटातल्या बायका तेच काम एकत्र, मोठ्या प्रमाणावर आणि सफाईने करतात. महिला आर्थिक विकास महामंडळाने राज्यभर असे गट बांधले आहेत. मुंबईत गिरगावात १५ मार्च १९५९ रोजी सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून ‘श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड’ उभे राहिले. एका घरातून बाहेर गेलेले काम दुसऱ्या घरात भांडवल कसे होते, याचा हा महाराष्ट्रातला सर्वांत लखलखीत दाखला आहे.

तिसरा गट जाणकारीच्या कामांचा: प्राप्तिकराचे विवरणपत्र, दुकानाचे जीएसटीचे हिशेब, नळ आणि विजेची दुरुस्ती. इथे स्वतः करण्यात वेळ तर जातोच, चुकीचा दंडही बसतो. इतवारीतल्या किराणा दुकानदाराने रात्री जागून पावत्या जुळवण्यापेक्षा ते काम हिशेबनिसाला द्यावे आणि सकाळी ताज्या डोक्याने कळमना बाजारात खरेदी करावी. त्याचा नफा खरेदीत आहे.

चौथा गट सोपवू नये अशा कामांचा. यूपीआयचा पिन, ओटीपी, कोरे सही केलेले धनादेश कोणाच्याही हाती देऊ नयेत. पैसा कुठे गुंतवायचा याचा सल्ला घ्यावा, पण अंतिम निर्णय आणि सही स्वतःची असावी. आपल्या प्रकृतीची काळजी, मुलांशी बोलणे, घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसणे, ही कामे वाटून घेता येतात, पूर्ण झटकून टाकता येत नाहीत. एखाद्याला बागकामात किंवा स्वयंपाकातच आनंद मिळत असेल, तर ते कामही खुशाल ठेवून घ्यावे.

सोपवण्याची पद्धत

सोपवलेले काम फसते ते बहुतेक वेळा सांगण्यातल्या उणिवेमुळे. ‘स्वयंपाकघर नीट आवरा’ या वाक्याचा अर्थ दोन घरांत दोन होतो. ओटा पुसलेला, सिंक रिकामे, कचरा बाहेर, गॅसची शेगडी कोरडी, असे चार शब्द सांगितले की काम कधी पूर्ण झाले हे दोघांनाही कळते.

पहिल्या दिवशी काम करून दाखवावे. दोन-तीन दिवस बरोबरीने करावे. मग ते त्या व्यक्तीला करू द्यावे आणि शेवटी पाहावे. आठवड्यानंतर रोज पाहणे थांबवून आठवड्यातून एकदा पाहावे. या सुरुवातीच्या दिवसांत वेळ वाचण्याऐवजी जास्तच जातो, आणि नेमके इथेच पुष्कळ लोक ‘यापेक्षा मीच करते’ म्हणून काम परत घेतात. दोन आठवडे धीर धरला तर पुढची वर्षे सुटतात.

काम थोडे वेगळ्या रीतीने झाले तर चालवून घ्यावे. पोळी आपल्या हातच्यासारखी गोल नसेल, पण मऊ आणि वेळेवर असेल तर ती पुरेशी आहे. खर्चाची मर्यादा आधीच सांगावी: एवढ्या रकमेपर्यंत विचारू नका, त्यापुढे फोन करा. चूक झाली तर ती एकट्यात आणि त्याच दिवशी सांगावी.

काम घेणारे हात

घरकाम सोपवणारे शहर ज्या बायकांच्या बळावर उभे असते, त्यांची मिळकत, रजा आणि मान हा या विषयाचा अर्धा भाग आहे. नागपुरात डॉ. रूपा कुलकर्णी-बोधी यांच्या पुढाकाराने विदर्भ मोलकरीण संघटना उभी राहिली आणि घरकाम हे काम आहे, करणारी कामगार आहे, ही मागणी तिने दशकानुदशके लावून धरली. राज्यात २००८ मध्ये महाराष्ट्र घरेलू कामगार कल्याण मंडळ अधिनियम झाला. १८ ते ६० वर्षे वयाच्या घरेलू कामगारांना त्याखाली नोंदणी करता येते. असंघटित कामगारांसाठी केंद्राचे ई-श्रम पोर्टल २६ ऑगस्ट २०२१ पासून सुरू आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा घरालाही कामाचे ठिकाण मानतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०११ च्या करारात घरकाम करणाऱ्यांना आठवड्यात सलग चोवीस तासांची सुट्टी सांगितली आहे. भारताने त्या कराराला अजून मान्यता दिलेली नाही. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घरेलू कामगारांसाठी कायद्याची चौकट तपासायला समिती नेमण्याचे निर्देश केंद्राला दिले.

कायदा पूर्ण होण्याची वाट न पाहता प्रत्येक घराला करता येण्याजोग्या गोष्टी आहेत. कामाची यादी आणि पगार पहिल्याच दिवशी ठरवावा, पगार ठरल्या तारखेला द्यावा, दरवर्षी न मागता वाढवावा. आठवड्याची सुट्टी, आजारपणाची भरपगारी रजा आणि दिवाळीचा बोनस द्यावा. पाहुणे आले की वाढलेल्या कामाचे वेगळे पैसे द्यावेत. नोंदणीचा अर्ज भरायला आणि बँकेत खाते उघडायला मदत करावी. मे महिन्याच्या दुपारी एका घरून दुसऱ्या घरी चालत जाणाऱ्या बाईला कामाची वेळ सकाळी लवकर करून द्यायला एक पैसाही लागत नाही. दुसरीचा घाम स्वस्तात मिळतो म्हणून वाचलेल्या पैशाला कमाई म्हणता येत नाही. तिच्या घरीही आवर्ती ठेव सुरू झाली, तिचीही मुलगी शिकली, तर या व्यवहारातून दोन घरे वर येतात.

मोकळा तास कुठे जातो

सोपवण्याचा सारा खटाटोप शेवटी मोकळ्या तासावर येऊन ठरतो. तो तास आधीच नावाने राखून ठेवला नाही तर मोबाईलमध्ये विरघळतो. म्हणून काम सोपवण्याच्या दिवशीच वहीत लिहावे: सकाळी सात ते नऊ, शिवण, किंवा टॅली शिकणे, किंवा बुटीबोरीतल्या कारखान्यांना डबे पुरवण्यासाठी भेटी. वाढलेल्या मिळकतीचा पहिला भाग कर्ज फेडायला, दुसरा सहा महिन्यांच्या खर्चाइतकी गंगाजळी साठवायला आणि त्यानंतरचा दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीला लावावा.

महिनाअखेरीस चार आकडे लिहावेत: किती तास मोकळे झाले, त्यांतले किती कामी लागले, त्यातून किती आले, मोबदला किती दिला. तीन महिने हे आकडे समोर ठेवले की कोणते काम सोपवणे परवडले आणि कोणते परत घ्यावे, हे उघड होते. चौथ्या महिन्यात यादी नव्याने करावी, आणि ज्या कामाने फायदा झाला त्यातला काही वाटा ते काम करणाऱ्या हातांच्या पगारात घालावा.